द्रावणातला धातू आणि इलेक्ट्रोस्प्रेची सुई : वाचकांचे प्रश्न

या वेळची सगळी पत्रे एकाच विषयावरची निवडली आहेत: द्रावणातले धातू-आयन इलेक्ट्रोस्प्रे मास स्पेक्ट्रोमीटरने (द्रवाचा प्रभारी फवारा करून त्यातल्या आयनांचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राने) कसे पाहायचे आणि जे दिसते त्यावर विश्वास किती ठेवायचा. यंत्राच्या आलेखात, म्हणजे स्पेक्ट्रममध्ये, आयनामुळे उभा राहणारा उंचवटा म्हणजे पीक. उत्तरांत पीकचा आकडा म्हणून जे दिले आहे ते वस्तुमान भागिले प्रभार. म्हणजे दोन प्रभारांचा आयन आपल्या वस्तुमानाच्या निम्म्या आकड्यावर दिसतो, हे सगळीकडे लक्षात ठेवावे.

प्रश्न : आमच्याकडे अणुशोषण यंत्र आहे, गरज पडली तर आयसीपी-मास (प्लाझ्मात धातूचे आयन करून मोजणी) बाहेरून करून आणतो. धातू किती आहे ते त्यातून कळतेच. मग इलेक्ट्रोस्प्रेला नमुना द्यायचा कशासाठी?
(अध्यापक, लातूर)

'किती' एवढाच प्रश्न असेल तर देऊ नका. त्या कामात आयसीपीची बरोबरी इलेक्ट्रोस्प्रे करू शकत नाही. पण आयसीपीच्या प्लाझ्मात तापमान सहा ते दहा हजार केल्व्हिन असते. तिथे रेणूंचे सुटे अणू होतात आणि धातू द्रावणात कोणाच्या संगतीत होता ही माहिती कायमची जाते. तांबे पाण्यात मोकळे असो, अमोनियाशी बांधलेले असो की ईडीटीएने (धातूला चहूबाजूंनी पकडणाऱ्या आम्लाने) गिळलेले असो, आयसीपीचा आकडा एकच. इलेक्ट्रोस्प्रे नेमके तेच सांगू पाहतो: धातूला किती लिगँड (त्याला बांधलेले रेणू किंवा आयन), कोणते, आणि एकूण प्रभार किती.

काम असे चालते. बारीक सुईतून द्रव हळूहळू सोडतात आणि सुई व यंत्राच्या तोंडामध्ये तीन-चार हजार व्होल्ट लावतात. टोकाशी द्रव शंकूसारखा ताणला जातो (जी. आय. टेलर यांनी १९६४ मध्ये त्याचे गणित मांडले म्हणून टेलर शंकू) आणि शंकूच्या अग्रातून प्रभारी थेंब उडतात. गरम नायट्रोजनमध्ये द्रावक उडतो, थेंब आक्रसतो, पृष्ठताणाला प्रभार पेलेनासा झाला की थेंब फुटतो. ही मर्यादा लॉर्ड रॅले यांनी १८८२ मध्येच काढली होती. असे अनेकदा होऊन शेवटी आयन मोकळा होतो. माल्कम डोल यांनी १९६८ मध्ये ही वाट धरली, येल विद्यापीठात जॉन फेन यांनी १९८४ पासून ती मास स्पेक्ट्रोमीटरला जोडून दाखवली, आणि २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

प्रथिनाच्या रेणूला थेंबातून प्रभार मिळवावा लागतो. धातू-आयन मुळातच प्रभारी असतो, त्याला फक्त द्रवातून बाहेर पडायचे असते. ऐकायला सोपे आहे, पण पाणी त्याला सोडत नाही. सोडिअम-आयन पाण्यातून पूर्ण उपटायला मोलमागे सुमारे ४०० किलोज्यूल लागतात, क्युप्रिक आयनाला (दोन धन प्रभारांच्या तांब्याला) २१०० च्या आसपास. म्हणून तो उघडा न येता पाण्याचे किंवा लिगँडचे वेष्टन घेऊनच येतो. ते वेष्टन उतरवताना काय घडते, यात पुढच्या बहुतेक प्रश्नांची मुळे आहेत.

प्रश्न : पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पहिल्यांदाच हे यंत्र दाखवायचे आहे. कमी खर्चाचा आणि हमखास चालणारा नमुना सुचवा.
(प्रयोगशाळा सहायक, रत्नागिरी)

फेरोईन, म्हणजे लोह आणि फेनँथ्रोलीन या लिगँडचे संकुल (धातू आणि लिगँड मिळून झालेला आयन). अनुमापनासाठी ही लाल बाटली बहुतेक महाविद्यालयांत असतेच. ती साधारण ०.०२५ मोलर असते. त्यातले १० मायक्रोलिटर घेऊन मिथेनॉल आणि पाणी निम्मे-निम्मे अशा मिश्रणात २५ मिलिलिटर करा, म्हणजे १० मायक्रोमोलर होईल. आम्ल घालू नका. प्लॅस्टिकची पॉलीप्रोपिलीन कुपी वापरा, काचेतून सोडिअम येते. ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढा आणि सिरिंज पंपाने मिनिटाला ५ मायक्रोलिटर सोडा. पॉझिटिव्ह मोड (धन आयन पाहण्याची सेटिंग; ऋण आयनांसाठी निगेटिव्ह मोड), ३.५ किलोव्होल्ट, कोन व्होल्टेज २० पासून सुरुवात. (काही यंत्रांत यालाच फ्रॅगमेंटर किंवा डीक्लस्टरिंग पोटेन्शिअल म्हणतात. नाव वेगळे, काम तेच: आयन आत शिरताना त्यांना वायूवर किती जोरात आपटायचे ते ठरवणे.) यंत्र बाहेरच्या केंद्रात असेल तर अर्जावर 'कॉलम नको, थेट सिरिंजने' असे स्पष्ट लिहा. नाहीतर नमुना नेहमीच्या आम्लयुक्त द्रावकातून कॉलमवर जातो आणि संकुल वाटेतच मोडू शकते.

मुख्य पीक २९८.०७ ला येईल: एक फेरस आयन (दोन धन प्रभारांचे लोह), तीन फेनँथ्रोलीन, प्रभार दोन. प्रभार दोन आहे हे विद्यार्थ्यांना मोजून काढू द्या. शेजारचे समस्थानिक पीक एकने पुढे नसून अर्ध्याने पुढे, २९८.५७ ला असते. छत्तीस कार्बनमुळे त्याची उंची मुख्य पीकच्या ४४ टक्क्यांच्या आसपास. मागे २९७.०७ ला लोह-५४ चे छोटे पीक, सुमारे ६ टक्के. ही पूर्ण नक्षी जुळली तरच लोह म्हणायचे. नुसता आकडा जुळणे पुरेसे नाही.

आता कोन व्होल्टेज दहा-दहाने वाढवत न्या. २०८.०४ ला नवे पीक उभे राहील: लोह आणि दोनच फेनँथ्रोलीन. हे पाहून 'द्रावणात दोन लिगँडचेही संकुल आहे' असे लिहिले जाते आणि ते चूक असते. फेनँथ्रोलीनचा तिसरा रेणू लोहाला दुसऱ्यापेक्षा कितीतरी घट्ट बसतो, कारण तो बसताना लोहाचे इलेक्ट्रॉन उच्च-स्पिनमधून (सुट्या मांडणीतून) निम्न-स्पिनमध्ये (जोडीच्या मांडणीत) जातात. त्यामुळे द्रावणात दोन-लिगँडची जात जवळपास नसतेच. २०८ हे यंत्रात तिसरा लिगँड गळून तयार झालेले आहे. यंत्रात दिसलेले सगळे द्रावणात असतेच असे नाही, हे विद्यार्थी या एका नमुन्यात पहिल्याच दिवशी शिकतात.

६९३.१ ला एकेरी प्रभाराचे पीक दिसले तर घाबरू नका. फेरोईन सल्फेटपासून बनवलेले असते. संकुल आणि हायड्रोजन सल्फेट यांची ती जोडी आहे. दहापट पातळ केले की ती झपाट्याने घटते.

प्रश्न : तांब्याचे नायट्रेट (क्युप्रिक) ॲसिटोनायट्राइल-पाण्यात २० मायक्रोमोलर करून दिले. अहवालात १४५ आणि १४७ ही दोनच मोठी पीक आली आणि ती 'क्युप्रस' म्हणून दाखवली आहेत. आमच्या बाटलीत क्युप्रस कुठून आले? क्युप्रिक का दिसत नाही?
(संशोधक विद्यार्थिनी, नांदेड)

बाटलीत क्युप्रस (एक धन प्रभाराचे तांबे) नव्हते, आणि अहवालही चुकीचा नाही. ६२.९३ अधिक ॲसिटोनायट्राइलचे दोन रेणू, प्रत्येकी ४१.०३: बेरीज १४४.९८. तांबे-६५ असेल तर १४६.९८. दोन्हींच्या उंचीचे प्रमाण ६९ ला ३१ असेल तर ओळख पक्की. एक ॲसिटोनायट्राइल गळलेले १०३.९६ लाही सापडेल.

अशा वेळी पहिला संशय सुईवर घेतला जातो, कारण सुई म्हणजे विद्युतअग्र. पण पॉझिटिव्ह मोडमध्ये सुई द्रवातून इलेक्ट्रॉन काढून घेते. तिथे ऑक्सिडीकरण होते, क्षपण नव्हे. म्हणजे क्युप्रिकचे क्युप्रस सुईने केले नाही. ते थेंब आटत आल्यावर, वायुअवस्थेत घडले.

कारण ऊर्जेच्या हिशोबात आहे. तांब्याचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायला २०.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. पाण्याच्या रेणूचा इलेक्ट्रॉन १२.६ ला निघतो, ॲसिटोनायट्राइलचा १२.२ ला, मिथेनॉलचा १०.८ ला. भोवती आठ-दहा रेणूंचे वेष्टन असेपर्यंत ते दोन प्रभार सांभाळते. वेष्टन तीन-चारवर आले की आयनाला दोन प्रभार पेलत नाहीत आणि तो एक प्रभार टाकून देतो. टाकण्याच्या वाटा दोन. पाणी किंवा मिथेनॉल असेल तर एक रेणू आपला प्रोटॉन शेजाऱ्याला देतो. हायड्रोनियम दूर उडतो आणि मागे तांब्याचा हायड्रॉक्साइड राहतो, ७९.९३ आणि एक पाणी धरून ९७.९४ ला. मिथेनॉलमध्ये तसाच मेथॉक्साइड, ९३.९५ आणि १२५.९७ ला. तांबे त्यात द्विप्रभारीच असते, हे विसरू नका. ॲसिटोनायट्राइल मात्र असा प्रोटॉन सहज देत नाही, उलट क्युप्रसला ते फार घट्ट धरते. म्हणून तिथे दुसरी वाट घडते: इलेक्ट्रॉनच धातूकडे येतो आणि क्युप्रस उरते. तुमच्या निवडलेल्या द्रावकानेच हे उत्तर ठरवून टाकले होते.

आता करायचे काय? द्रावक पाणी किंवा पाणी-मिथेनॉल घ्या. प्रवाह मिनिटाला ३ मायक्रोलिटर. वाळवणीच्या नायट्रोजनचे तापमान नेहमीच्या १८० ते २०० अंशांवरून ८० ते १०० वर आणा. कोन व्होल्टेज १० वर ठेवून स्पेक्ट्रम घ्या, मग २०, ३० असे ८० पर्यंत. प्रत्येक ठिकाणी सगळ्या तांब्याच्या पीकची बेरीज काढून त्यात क्युप्रसचा वाटा किती ते मांडा. व्होल्टेज उतरवताना वाटा उतरत गेला तर ते यंत्रात झालेले क्षपण. तो हलेचना, तर द्रावणाकडेच पुन्हा पाहा: क्युप्रिकच्या निळ्या रंगामागचा शोषण-पट्टा ८०० नॅनोमीटरच्या आसपास असतो, पण तो फिका आहे. १० मिलिमोलर द्रावण, १ सेंटिमीटरची पेटी, तेव्हा कुठे ०.१२ च्या आसपास शोषण मिळते. २० मायक्रोमोलरला तो शोधू नका.

आणखी एक गोष्ट तंत्रज्ञांना विचाराच. बऱ्याच यंत्रांची बसवणी प्रथिने-औषधांसाठी असते आणि आयन वाहून नेणाऱ्या भागाची रेडिओ-वारंवारता अशी ठेवलेली असते की १०० च्या खालचे आयन पोचतच नाहीत. धातूंची जलवेष्टित पीक नेमकी तिथेच असतात. 'दिसले नाही' म्हणजे 'नव्हते' असे लिहिण्याआधी ही सेटिंग ५० किंवा त्याखाली आणून घ्या.

दोन प्रभारांचे आयन दिसायला हवेच असतील तर कॅल्शिअम, स्ट्रॉन्शिअम किंवा बेरिअमवर हात बसवा. त्यांची दुसरी आयनीकरण ऊर्जा ११.९, ११.० आणि १०.० आहे, म्हणजे पाण्याच्या १२.६ पेक्षा कमी. वेष्टन बरेच उतरले तरी ते दोन्ही प्रभार राखू शकतात. सहा पाण्यांचे कॅल्शिअम ७४.०१ ला येते आणि पुढची पीक ९-९ च्या अंतराने कुंपणाच्या खांबांसारखी उभी राहतात. अंतर ९ म्हणजे दोन प्रभार, १८ म्हणजे एक. मॅग्नेशिअम (१५.०), मँगनीज (१५.६), लोह (१६.२), कोबाल्ट (१७.१), जस्त (१८.०), निकेल (१८.२) यांना तांब्याइतके नाही तरी मऊ हाताने हाताळावे लागते. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात पॉल केबार्ले यांच्या गटाने १९९० मध्ये असे द्विप्रभारी, पाण्याने वेढलेले धातू-आयन इलेक्ट्रोस्प्रेने मिळवून दाखवले. त्रिप्रभारी धातूंना पाणी पुरत नाही. लँथनाइडसाठी डायमिथिल सल्फॉक्साइडसारखा जोरकस दाता लागतो.

प्रश्न : फेनँथ्रोलीनवर काम करतो. लोह न घालता नुसत्या लिगँडचा ब्लँक दिला तरी २९८.०७ येते. तीन वेळा नवीन लिगँड मागवला. उपयोग नाही.
(संशोधक, पुणे)

लिगँड निर्दोष असण्याची शक्यता मोठी आहे. तुमची सुई स्टीलची असणार, आणि ती विरघळते आहे.

थेंब धन प्रभार घेऊन जातात, तर तेवढेच इलेक्ट्रॉन सुईतून तारेकडे गेले पाहिजेत. ते कुठल्यातरी ऑक्सिडीकरणातूनच येतात: पाण्याच्या, तुमच्या संयुगाच्या किंवा सुईच्या धातूच्या. केबार्ले यांच्याच गटाने १९९१ मध्ये जस्ताचे टोक बसवून स्पेक्ट्रममध्ये जस्ताचे आयन येताना दाखवले होते. तुमचा हिशोब करून पाहा. फवाऱ्याचा प्रवाह ०.५ मायक्रोअँपिअर धरला तर मिनिटाला ३.१ गुणिले दहाचा उणे दहावा घात इतके मोल इलेक्ट्रॉन. द्रव मिनिटाला ५ मायक्रोलिटर. म्हणजे प्रत्येक लिटरमागे ६२ मायक्रोमोल इलेक्ट्रॉन. ते सगळे लोहातून आले असे धरले तर ३१ मायक्रोमोलर फेरस! सगळे तिथून येत नाहीत, पण तुमचा लिगँड १० मायक्रोमोलर असेल तर दहावा हिस्साही भरपूर झाला. फेनँथ्रोलीनसारखा लिगँड लोहाला ओढून घेणाराच.

नक्की कारण कोणते ते असे तपासा. द्रव वाहता ठेवून व्होल्टेज दहा मिनिटे बंद ठेवा, मग चालू करा. पीक सुरुवातीला लहान असून वाढत गेले तर दोष विद्युतरासायनिक. पहिल्या क्षणापासून पूर्ण उंचीचे असेल तर लोह द्रवात आधीच मिसळलेले आहे: सिरिंजची स्टीलची सुई, नळ्यांचे जोड, किंवा रात्रभर तसाच भरून ठेवलेला लिगँड. प्रवाह ५ वरून २० मायक्रोलिटर करा. विद्युतरासायनिक लोह साधारण त्याच प्रमाणात पातळ होईल, कारण विद्युतप्रवाह फारसा बदलत नाही.

उपाय म्हणजे सुई फ्यूज्ड सिलिकाची, नळ्या पीक-पॉलिमरच्या (एक टिकाऊ प्लॅस्टिक; स्पेक्ट्रममधल्या पीकशी त्याचा संबंध नाही), आणि वीजजोड प्लॅटिनमचा. सिलिकाची सुई बसवली पण मागचा जोड स्टीलचाच राहिला, तर काही साधले नाही. द्रवाला वीज जिथे भेटते तिथे हे घडते. 'आमच्या यंत्रात सुई शून्य व्होल्टवर असते' हेही कारण चालत नाही. समोरच्या तोंडावर व्होल्टेज असले तरी सुईतून इलेक्ट्रॉन तेवढेच जातात. जाता जाता २९९.०७ आणि ३००.०७ कडे नजर टाका. ती पीक लोहाच्या नक्षीपेक्षा उंच असतील तर स्टीलमधले निकेलही उतरते आहे.

प्रश्न : ईडीटीएबरोबर लोह फेरिक आहे की फेरस, हे मास स्पेक्ट्रमवरून सांगता येईल का? नमुना कसा करावा?
(पदव्युत्तर विद्यार्थी, कोल्हापूर)

येईल, आणि ते एका हायड्रोजनच्या फरकावरून. निगेटिव्ह मोडमध्ये दोन्ही संकुले एका ऋण प्रभाराने येतात. फेरिकला तीन धन प्रभार असल्याने ईडीटीएचे चारही प्रोटॉन गेलेले असतात: ३४३.९९. फेरसला दोनच, म्हणून एक प्रोटॉन राहतो: ३४५.००.

कपाटातला डायसोडिअम ईडीटीए घेऊ नका. ३१३.०६ ला सोडिअमचे पीक येऊन बाकी सगळे दबते. मुक्त आम्ल घ्या: २९.२ मिलिग्रॅम, पाण्यात घालून पातळ अमोनियाचे थेंब सोडत विरघळवा आणि १०० मिलिलिटर करा. हे १ मिलिमोलर. फेरिक नायट्रेट नोनाहायड्रेट ४०.४ मिलिग्रॅम, पातळ नायट्रिक आम्लाचे दोन-तीन थेंब घातलेल्या १०० मिलिलिटर पाण्यात. आम्ल नसेल तर फेरिकचे जलापघटन होऊन तपकिरी गढूळपणा येतो आणि गाळणीत लोहच अडकते. दोन्हीचे २००-२०० मायक्रोलिटर एकत्र करून मिथेनॉल-पाण्यात १० मिलिलिटर करा. प्रत्येकी २० मायक्रोमोलर झाले. व्होल्टेज २.५ ते २.८ किलोव्होल्टच्या वर नेऊ नका. निगेटिव्ह मोडमध्ये पाण्याच्या द्रावणाला टोकाशी ठिणगीवजा विसर्ग लवकर होतो. विद्युतप्रवाह एकदम उड्या मारू लागला तर तेच झाले असे समजा. मिथेनॉल किंवा आयसोप्रोपेनॉल वाढवल्याने ते आटोक्यात येते.

आता सावधगिरी. शुद्ध फेरिकच्या नक्षीतही ३४५ ला पीक असतेच. दहा कार्बनमधला कार्बन-१३, थोडा नायट्रोजन-१५, आणि लोह-५७ मिळून ते ३४४ च्या सुमारे १४ टक्के असते. ते वजा करून उरेल तेवढेच फेरसचे. साधे, एक एकक वेगळे करणारे यंत्र असेल तर ही वजाबाकी काळजीपूर्वक करा. लोह-५४ चे ३४२ चे पीक सुमारे ६ टक्के आहे ना, तेही पाहा. नसेल तर ३४४ लोहाचे नाहीच. आणि इथे मोड उलटा आहे हे ध्यानात घ्या: निगेटिव्हमध्ये सुई इलेक्ट्रॉन देते, म्हणजे फेरिकचे फेरस सुईवरही होऊ शकते. द्रवाचा प्रवाह वाढवल्यावर फेरसचा वाटा घटला तर तो सुईचा. ज्या द्रावणात फेरस नाही याची खात्री आहे असे ताजे फेरिक-ईडीटीए त्याच दिवशी, त्याच सेटिंगवर चालवल्याशिवाय अज्ञात नमुन्याबद्दल काही लिहू नये.

सरावाला तांबेही चांगले. तांब्याचे हेच संकुल ३५२.० आणि ३५४.० ला येते. प्रोटॉन पूर्ण गेलेले, दोन ऋण प्रभारांचे रूप १७५.५ आणि १७६.५ ला. समस्थानिकांतले दोनचे अंतर तिथे एकवर आलेले दिसेल.

प्रश्न : १८-क्राउन-६ (धातू-आयन मध्यभागी धरणारा कड्यासारखा रेणू) मध्ये सोडिअम आणि पोटॅशिअम समान घातले. २८७.१५ आणि ३०३.१२ या पीकच्या उंचीच्या गुणोत्तरावरून स्थिरांकांचे (संकुल किती घट्ट ते सांगणाऱ्या आकड्यांचे) गुणोत्तर काढले तर चालेल का?
(संशोधक विद्यार्थी, ठाणे)

तसेच्या तसे नाही. उंची म्हणजे संहती गुणिले प्रतिसाद, आणि प्रतिसाद प्रत्येक आयनाचा वेगळा असतो. थेंबाच्या पृष्ठभागाकडे सरकणारा आयन लवकर सुटतो. पाण्याला घट्ट धरणारा मागे राहतो.

पण यापेक्षा मोठी अडचण द्रावकाची आहे. पाण्यात १८-क्राउन-६ आणि पोटॅशिअमच्या स्थिरांकाचा लॉगॅरिदम सुमारे २.० आहे, मिथेनॉलमध्ये ६.१. दोघेही १० मायक्रोमोलर असले, तर मिथेनॉलमध्ये क्राउनचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पोटॅशिअमशी बांधलेला असतो. पाण्यात? हजारात एक. तरीही पाण्यातल्या नमुन्याचा स्पेक्ट्रम काढला तर क्राउन-पोटॅशिअमचे पीक दिसते, कधी तर सर्वांत उंच. कारण मोकळा क्राउन उदासीन आहे आणि यंत्र उदासीन रेणू पाहूच शकत नाही. शिवाय थेंब आटताना संहती कित्येक पटींनी चढते आणि द्रावणात नसलेले बंध तिथे जुळतात. निव्वळ पीक पाहून 'पाण्यात घट्ट संकुल' असे लिहिलेले सापडते, ते या दोन कारणांमुळे चुकते.

काम करायचेच तर असे करा. द्रावक शुद्ध मिथेनॉल. क्राउन ५ मायक्रोमोलर कायम. दोन्ही क्लोराइड एकूण १०० मायक्रोमोलरच्या खाली, नाहीतर मिठाचेच पुंजके दिसू लागतात. सोडिअम क्लोराइडचे ८०.९५, १३८.९१, १९६.८७ असे ५७.९६ च्या पायऱ्यांनी. आधी प्रत्येक धातू एकटा, क्राउनच्या दसपट घालून चालवा. त्या वेळी पोटॅशिअमशी क्राउन जवळजवळ पूर्ण बांधलेला असतो; सोडिअमची दुरुस्ती केल्यावर दोन पीकच्या उंचीत उरणारा फरक हा प्रतिसादाचा फरक. (सोडिअमचा लॉगॅरिदम मिथेनॉलमध्ये ४.४ च्या आसपास असल्याने दसपटीलाही क्राउन सुमारे निम्माच बांधला जातो; तेवढी दुरुस्ती गणिताने करावी.) मग स्पर्धा लावा. अंतर्गत मानक म्हणून १ मायक्रोमोलर टेट्राएथिलअमोनिअम, आकडा १३०.१६. टेट्राब्यूटिल घेऊ नका. ते सोर्सला (सुई आणि यंत्राचे तोंड असलेल्या भागाला) चिकटते आणि २४२.२८ चे पीक पुढच्या कित्येक दिवसांच्या नमुन्यांत डोकावते.

शेवटची तपासणी म्हणजे सगळे मिश्रण दोनपट, चारपट, आठपट पातळ करून पाहणे. पातळ केल्यावर संकुलाचा वाटा समतोलाच्या गणिताप्रमाणे घटला तर ठीक. तसाच राहिला तर तुम्ही थेंबाचे रसायन मोजत आहात. स्थिरांक छापण्याआधी एखादा तरी पोटेन्शिओमेट्रीने किंवा न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्सने ताडून घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : सामू ७ ला स्थिर हवा आहे. फॉस्फेट बफर चालेल?
(वाचक, सांगली)

नाही. फॉस्फेट उडत नाही, सोर्समध्ये पांढरे साचते आणि बहुतेक धातूंशी स्वतःच बांधते. सगळीकडे अमोनिअम ॲसिटेट सांगतात. ५ ते २० मिलिमोलर घ्या, पण ते ७ ला बफर आहे असे मानू नका. त्यातल्या जोड्यांचे पीकेए (ज्या सामूच्या आसपास जोडी बफरचे काम करते तो आकडा) ४.७५ आणि ९.२५ आहेत, ७ हा दोघांपासूनही दूर. शिवाय पॉझिटिव्ह मोडमध्ये सुईवर पाण्याचे ऑक्सिडीकरण होऊन प्रोटॉन तयार होतात, त्यामुळे टोकाशी सामू खाली घसरतो. जलापघटनाच्या काठावर असलेल्या धातूंना, म्हणजे फेरिक किंवा ॲल्युमिनिअमला, हा बदल लगेच जाणवतो. ॲसिटेटही धातूला बांधते, तेव्हा ५९ ने वाढलेली पीक दिसली तर नवल मानू नका. प्रत्यक्ष काम सामू ५ किंवा ९ च्या जवळ हलवता आले तर हलवा.

प्रश्न : तांब्याचे नमुने चालवल्यावर पुढच्या दोन दिवसांच्या सगळ्या नमुन्यांत तांबे दिसते, आणि केंद्राचे लोक आमच्यावर चिडतात.
(संशोधक विद्यार्थी, पणजी)

त्यांचा राग रास्त आहे. नमुना ५० मायक्रोमोलरच्या वर नेऊ नका. आपली सिरिंज आणि आपली नळी घेऊन जा, केंद्राची वापरू नका. काम संपल्यावर मिथेनॉल-पाण्यात ०.१ टक्के फॉर्मिक आम्ल घालून मिनिटाला २० मायक्रोलिटरने पंधरा मिनिटे सोडा. पहिली पाच मिनिटे व्होल्टेज बंद ठेवा, म्हणजे धुतलेले यंत्राच्या आत ओढले जाणार नाही. मग साधे मिथेनॉल-पाणी, आणि शेवटी ॲसिटोनायट्राइल सोडून १४५ व १४७ पाहा; क्युप्रसला ते इतके घट्ट धरते की उरलेल्या तांब्याची तीच चांगली चाचणी. अजून दिसत असेल तर तोंडावरची झाकणी काढून पाणी-आयसोप्रोपेनॉलमध्ये अल्ट्रासोनिक बाथला वीस मिनिटे. संहत नायट्रिक आम्ल पीक-पॉलिमरच्या नळीत कधीही घालू नका, ती ठिसूळ होऊन आतून तडकते.